ठमी मागे फिरली

फोन आला तेव्हा शुभदा पोह्यांना फोडणी देत होती. कित्येक महिन्यांनी सकाळच्या वेळी ती घरात होती, आणि घरात आहोतच तर काहीतरी घरातलं करावं म्हणून तिने पोहे भिजवले होते. खायला दुसरं कुणी नव्हतं. विनय गुडगावच्या ऑफिसला गेला होता, मैत्रेयीला स्कूलबस घेऊन गेली होती, आणि दिल्लीतल्या द्वारका भागातल्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मोहरी तडतडण्याखेरीज आवाज नव्हता. मोबाइल फ्रिजवर थरथरला. इनकमिंग फुकट झाल्यापासून त्याला ऊठसूट थरथरायची खोड लागली होती, तरी तिने हातातला झारा टाकून तो उचलला. "मॅडम, चार पहले पड़ाव पे पहुंच गए," राठी म्हणाला आणि थांबला. वायुदलातून निवृत्त झालेला माणूस. वाईट बातमी चांगल्या बातमीत गुंडाळून द्यायची कला त्याला अवगत नव्हती, पण प्रयत्न करत होता बिचारा. "एक मुड़ गई." कौनसी, असं तिने विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. "वही. पीली वाली. मानेसर में उतरी है, फॅक्टरी के गेट पे. आदमियों के बीच घूम रही है, मॅडम. किसी ने डबलरोटी दी, वो खा रही है." मी विमान घेऊन परत येतोय, तुम्ही निघा, कौलमॅडम पोचताहेत, असं काहीबाही तो पुढे बोलत राहिला. शुभदाने गॅस बंद केला. मोहरी केव्हाच जळून गेली होती.

खाली स्टँडवर टॅक्सी मिळाली. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते. वर अजून काहीच नाही, नुसते खांब, आणि दोन्ही बाजूंना खणून ठेवलेली माती. टॅक्सीवाला बोलका निघाला. मानेसरला कंपनीत आहात का, त्याने विचारलं, आणि शुभदाने हो म्हणून टाकलं. खरं सांगायच्या भानगडीत ती हल्ली पडत नसे. सुरुवातीला सांगायची. विनयच्या ऑफिसच्या दिवाळी पार्टीत कुणीतरी विचारलं, भाभीजी, आप क्या करती हैं, आणि तिने सरळ सांगितलं की मी करकोच्यांना स्थलांतर शिकवते. टेबलावरचे सगळे खो खो हसले. एकाने विचारलं, मग माशांना पोहायला कोण शिकवतं? विनयही हसला, आणि परतताना गाडीत म्हणाला, "यू कॅन जस्ट से रिसर्च, यार." तिला त्या लोकांना सांगायचं होतं की उडणं शिकवावं लागत नाही, ते अंगातच असतं, कुठे जायचं ते शिकवावं लागतं. आईबापांच्या मागून एकदा ती वाट उडून गेलं की जन्माची पाठ होते. पण जे पिल्लू आईच्या पोटाखाली न फुटता यंत्राच्या उबेत फुटलं, त्याच्या पुढे उडायला कुणीच नसतं. म्हणून राठीचं विमान. विमान कसलं, तीन चाकांच्या सांगाड्याला मागे इंजिन, पंखा आणि वर कापडी पंख. त्या इंजिनाचा आवाज पिल्लांना अंड्यात असतानाच ऐकवायचा, पाय फुटले की जमिनीवर त्याच्यामागे पळवायचं, पंख फुटले की हवेत, आणि थंडी पडायला लागली की त्याच्याच मागे राजस्थानातल्या तळ्यापर्यंत न्यायचं. तिथे हिमालय ओलांडून आलेल्या रानच्या करकोच्यांचे थवे असतात. इकडे त्यांना कुरजां म्हणतात. त्यांच्यात ही पाच मिसळली की माणसांनी पाठ फिरवायची आणि घरी यायचं. इतकं साधं काम, पण पार्टीत सांगण्यासारखं नव्हतं.

आणि नियम एकच होता. पिल्लांना माणूस दिसता कामा नये, आणि माणूस ऐकू तर मुळीच येता कामा नये. माणसाला आई समजलेला पक्षी जन्मभर दिसेल त्या माणसाकडे जातो, आणि प्रत्येक माणसाच्या हातात डबलरोटीच असते असं नाही. म्हणून शुभदा उन्हाळ्यापासून डोक्यापासून पायापर्यंत राखी झग्यात होती. डोळ्यांपुढे जाळी, उजव्या हातात कापडी मान आणि लाकडी चोच असलेलं करकोच्याचं डोकं. त्या चोचीने किडे उचलायचे, पिल्लांपुढे धरायचे, पाण्यात बुडवून पाणी दाखवायचं. कंबरेला टेपरेकॉर्डर, त्यात मोठ्या करकोच्याची घुरघुर. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, ठेच लागली तरी आई गं म्हणायचं नाही. घाम पाठीवरून उतरून चपलांत साचायचा. संध्याकाळी झगा उतरवल्यावर पहिलं वाक्य बोलायला जिभेला जरा वेळ लागायचा, आणि ते वाक्यही हिंदीत असायचं, कारण गेटवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला चलो म्हणायचं असायचं.

गंमत अशी, की माहेरी शुभदा बडबडी म्हणून प्रसिद्ध. हिच्या तोंडाला कुणीतरी कुलूप घाला रे, असं आई म्हणायची, आणि स्वतः तिच्याहून दुप्पट बोलायची. दर रविवारी पुण्याहून आईचा फोन. त्यात महत्त्वाचं काही म्हणून नसायचं. तुमच्याकडे गवार कशी मिळते, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मैत्रेयीला खोकला आहे तर अडुळसा दे, दिल्लीत अडुळसा मिळतो का, मिळत नसेल तर पाठवू का. बरं ठेवते, असं म्हणून पुन्हा नवा विषय. शुभदा रिसीव्हर खांद्याला अडकवून पीठ मळत हुं हुं करायची, कधी कधी वैतागायचीसुद्धा. महाशिवरात्रीच्या सुमारास आई गेली. तेरावं उरकून दिल्लीला परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शुभदाने पीठ मळायला घेतलं आणि खांदा आपोआप वर गेला. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आता आपल्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. विनय पुण्याचाच, पण ऑफिस त्याच्या बॅगेतून घरी यायचं आणि रात्रभर घरात राहायचं. डेड टायर्ड, टुमारो, प्लीज यार. मराठी तो फक्त भांडताना काढायचा. मैत्रेयीला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. उंबऱ्यावर बसून शिंकू नये, असं शुभदा एकदा सहज बोलून गेली, तर पोर म्हणाली, "मम्मा, उंबरा क्या होता है?" आणि दाखवायला त्या फ्लॅटला उंबराच नव्हता.

कापसहेडा ओलांडून टॅक्सी गुडगावच्या बाजूला लागली. काचेच्या इमारती, मधे मोहरीची शेतं, पुन्हा काचेच्या इमारती. एका भल्यामोठ्या फलकावर अठरा मजली टॉवर आणि त्यावरून उडणारे पाच करकोचे. ज्या बिल्डरने प्रकल्पाला पैसे दिले होते त्याचाच फलक. पक्षी अजून जमिनीवर धडपडत होते तेव्हाच त्याने ते छापून उडवले होते. शुभदाने फलकावरचे पक्षी नकळत मोजले आणि तिला स्वतःचाच राग आला. पाच कसले, चार. पाचवं डबलरोटी खातंय. हे कुणामुळे, असं राठीने फोनवर विचारलं नव्हतं. तो सरळ माणूस, त्याच्या मनात आलंही नसेल. पण काल संध्याकाळी कौलबाईंनी, प्रकल्पाच्या प्रमुख, काश्मिरी, मोजकं बोलणाऱ्या, तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कल तुम मत आना, शुभदा." का, ते सांगितलं नाही. शुभदानेही विचारलं नाही. ज्यांना पोटाखाली घेऊन वाढवलं, म्हणजे झग्याखाली, त्यांच्या पहिल्या प्रवासाला निरोप द्यायला येऊ नकोस असं कुणी सांगावं आणि आपण मान हलवून यावं, याचा अर्थ काय होतो ते दोघींनाही ठाऊक होतं.

जूनमधली ती दुपार. पाचवं अंडं सगळ्यांच्या मागून फुटलं होतं, पिल्लू अशक्त, एक पाय बाहेरच्या बाजूला फाकलेला. इतर चौघं शेडबाहेर विमानामागे दुडदुडायची आणि हे गोणपाटावर मान टाकून पडलेलं. चोच पुढे धरली तर डोळे मिटून घ्यायचं. कौलबाई बघून म्हणाल्या होत्या, हे जायचं. वीज गेलेली, पंखा बंद, पत्र्याचं छप्पर तापून वास मारत होतं. शुभदाने पिल्लाची मान मांडीवर घेतली. हलकी, कोमट मान. आणि कुणीतरी म्हणालं, "अगं ठमे, खा ना गं जरा." कोण बोललं ते तिला क्षणभर कळलं नाही. घसा खरखरीत होता, आवाज आईसारखा निघाला होता. पिल्लाने डोळे उघडले. नियम मोडला तो मोडला, पण त्याहून वाईट म्हणजे तिला फार बरं वाटलं. मग ती थांबलीच नाही. गवार महाग झालीय ठमे, आणि आणली तरी घरात कोण खातंय. वरच्या मजल्यावरच्यांचं पाणी आमच्या बाथरूममध्ये ठिबकतंय. माझी आई होती ना, तिने तुला दोन दिवसांत उभं केलं असतं, तोंडात अडुळसा ओतून. पाय ताठ होईपर्यंत रोज दुपारी ती ठमीशी बोलत राहिली, आणि ठमी तिच्या हातातल्या लाकडी चोचीकडे न बघता जाळीतून आवाज येत होता तिथे बघत किडे खात राहिली. जगली. जीवनसत्त्वाच्या थेंबांनी जगली की बोलण्याने, देव जाणे. पायात पिवळं कडं घालून तिला इतरांत सोडलं, त्या दिवशी शुभदाने तोंड पुन्हा मिटलं. पण ठमीचे कान कुठले मिटायला. श्रावणात कुणी मजूर बोलत बांधावरून गेले की चौघं माना ताठ करून दूर व्हायची आणि एक त्यांच्या दिशेने चालू लागायची. शुभदा झग्यात उभी राहून ते बघायची, आणि हाक मारावी असा मोह गिळायची. रविवारचा फोन तिने एकदा गमावला होता, आणि आता दुसऱ्यांदा गमावत होती.

मानेसरच्या त्या फॅक्टरीच्या गेटवर पाळी सुटली होती. कंपनीच्या बसेस ओळीने उभ्या, आणि बसमध्ये चढायचं सोडून माणसं गोल करून उभी. गोलाच्या मध्ये ठमी. राखी अंग, काळी मान, पायात पिवळं कडं. कुणी बिस्किट धरलं की चालत जात होती, कुणी हसलं की मान वाकडी करून ऐकत होती. गेटवरचा म्हातारा शिपाई काठी आडवी धरून पोरांना मागे सारत होता. कडेला कौलबाईंची व्हॅन, मागचं दार उघडं, आत लाकडी क्रेट. शुभदाला ते क्रेट आधी दिसलं.

"चिड़ियाघर?" तिने विचारलं.

"और क्या? ऐसे पंछी को छोड़ नहीं सकते. आज डबलरोटी है, कल कोई पका के खा जाएगा." कौलबाईंनी चष्मा पुसला. "मुझे जून से मालूम है, शुभदा. शेड के बाहर तक आवाज आती थी."

शुभदाने नजर क्रेटवरून ठमीकडे वळवली.

"मैंने सोचा, चूजा तो मरने ही वाला है. बोल लेने दो इसे." त्यांनी चष्मा घातला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "गलती सिर्फ तुम्हारी नहीं है. पर अब जो करना है वो तुम ही कर सकती हो. राठी आ रहा है. आज उसके पीछे गई और आदमी की आवाज से डर के गई, तो बच जाएगी. कोई और पत्थर मारेगा तो भागकर तुम्हें ढूंढेगी. समझ रही हो ना?"

समजत होतं. समजत होतं म्हणूनच तिचे पाय जमिनीतून निघत नव्हते. झगा नव्हता, जाळी नव्हती. हळदीचे डाग पडलेल्या सलवार-कमीजमध्ये ती जशीच्या तशी उभी होती, आणि ठमीने तिला असं कधीच पाहिलेलं नव्हतं. अजूनही वेळ होता. गप्प राहिलं तर ठमी तिला ओळखणार नव्हती. क्रेटमध्ये जाईल, पिंजऱ्यात राहील, रविवारी तिकीट काढून भेटायला जाता येईल, गजांबाहेरून सगळं सांगता येईल. हा विचार इतका स्पष्ट आणि इतका गोड होता की शुभदाला त्याची भीतीच वाटली. ती गोलापासून दूर, गेटशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर चालत गेली, बाभळीच्या काट्यांतून मोकळ्यावर आली, आणि वळून म्हणाली, "ठमे."

माणसांच्या पायांतून, बिस्किटांकडे न बघता, ठमी आली. पुढ्यात येऊन थांबली. तिने शुभदाच्या चेहऱ्याकडे नाही बघितलं. उजव्या हाताकडे बघितलं, जिथे चोच असायची. हात रिकामा होता. मग तिने तो बारीक पिल्लाचा आवाज काढला, एवढी वाढली तरी गळ्यात तोच. पश्चिमेकडून इंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली. ठमीची मान त्या दिशेला वळली, पंख किंचित सुटले, पण पाय शुभदाकडे.

"जा," शुभदा म्हणाली. ठमी एक पाऊल जवळ आली. "जा ना गं." आणखी एक. असं बोलून चालणार नव्हतं. तिने श्वास घेतला आणि आयुष्यात कुणाशी काढला नव्हता तो आवाज काढला. "चालती हो! हो चालती! काळं कर इथून!" ठमी दचकून मागे उडाली, आणि पुन्हा आली, काहीतरी चुकून झालं असावं अशी. शुभदाने ढेकूळ उचललं. ते ठमीच्या पंखावर फुटलं. "मेले, तोंड दाखवू नकोस मला! कुणी सांगितलं होतं मागे फिरायला! निघ!" ओढणी गरगर फिरवत ती धावली, दुसरं ढेकूळ, तिसरं. ठमी पळाली, थांबली, आणि तिने ती हाक मारली, हरवल्याची. जूनमध्ये हीच हाक ऐकली की शुभदा आले आले म्हणायची. ओठांवर आलेलं आले शुभदाने दातांखाली चिरडलं. रक्ताची चव आली. हाक पुन्हा आली. तिने ढेकूळ मारलं, नेम धरून, लागावं म्हणून, आणि ते लागलं.

ठमी उडाली. राठीचं विमान बाभळींवरून खाली येऊन वळलं आणि ती त्याच्यामागे वळली, मग अर्ध्या आकाशातून परत शुभदाच्या डोक्यावर आली, पाय खाली सोडून, उतरायच्या बेतात. शुभदा किंचाळली. शिव्या संपल्या होत्या. आईने शिकवलेल्या शिव्या होत्याच किती? पण थांबली तर ठमी उतरणार होती, म्हणून तोंडाला येईल ते ती त्याच कर्कश आवाजात ओरडत राहिली. ठमीला शब्द कुठे कळत होते, तिला आवाज कळत होता. "इतरांच्या मागे मागे राहा! रात्री पाण्यात उभी राहून झोप! कोरड्यावर झोपू नकोस, कोल्हे असतात! ऐकतेस का! नीट खात जा! पाय दुखला तर थांब जरा, लाजू नकोस! माणूस दिसला तर लांब राहा, कितीही गोड बोलला तरी! मी बोलावलं तरी येऊ नकोस!" ठमीने पाय वर घेतले. विमानाच्या पंखामागची हवा तिला सापडली, आणि ती त्या हवेवर टेकून पश्चिमेकडे निघाली. आधी पिवळं कडं दिसेनासं झालं, मग पाय, मग ती. इंजिनाची घरघर फॅक्टरीच्या भोंग्यात मिसळून गेली. बसच्या दारात लोंबकळणारी पोरं आधी हसत होती, ती आता आत सरकली होती. शुभदा ढेकूळ हातात घट्ट धरून, मान वर करून, रिकाम्या आकाशाकडे ओरडतच होती, थंडी पडेल, जपून राहा, आईसारखा घसा फाटेपर्यंत, आणि तिला थांबता येत नव्हतं.

म्हातारा शिपाई काठी टेकत तिच्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा राग होता. "बस करो, बहनजी," तो म्हणाला, "चली गई वो. बेजुबान को इतना भी कोई कोसता है?"